उरलेलं काम

१९८२ साली एशियाडच्या निमित्तानं रंगीत टीव्ही भारतात आला, तेव्हा टीव्ही घरी पोचवणं आणि तो चालू करून देणं हे एकच काम समजलं जायचं. दुकानाचा माणूस गच्चीवर अँटेना उभा करी, वरून हाक मारून चित्र स्वच्छ आलं का ते विचारी आणि मगच निघून जाई. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत त्याच मध्यमवर्गीय घरांमध्ये त्याहून महाग वस्तू आली, ती म्हणजे घरचा कॉम्प्युटर. तिच्या बाबतीत हा रिवाज कुणी पाळला नाही. खोकी उघडली, वायरी जोडल्या, पडदा उजळला, तरी वस्तू वापरण्याजोगी झालेली नसायची. साउंड कार्डाचा, मोडेमचा, प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायचा असे, अँटिव्हायरस टाकायचा असे, आणि मराठी घर असेल तर मराठी फॉन्टही. यात कित्येक रविवार गेले, आणि कित्येक माणसांनी ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असा स्वतःबद्दल ग्रह करून घेतला. तंत्रज्ञान तेव्हा बाल्यावस्थेत होतं म्हणून हे हाल झाले, असं सहसा सांगितलं जातं. मला ते पटत नाही. इतिहास पाहिला तर यातल्या मुख्य त्रासांवरचे उपाय ते त्रास आपल्या घरांत शिरण्याच्या आधीच तयार झालेले दिसतात. ते लागू करणं कुणाचं काम हे मात्र धंद्याच्या रचनेत ठरलेलं नव्हतं, आणि जे कुणाचंच नसतं ते घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं.

या रचनेचं मूळ घरात नव्हे, मोठ्या कचेऱ्यांत आहे. १९६० च्या दशकात आयबीएमचा कॉम्प्युटर घेणाऱ्या संस्थेला यंत्र, प्रोग्रॅम आणि ते चालवून देणारे अभियंते असं सगळं एकाच दरात मिळे. जून १९६९ मध्ये आयबीएमनं जाहीर केलं की सॉफ्टवेअरचे आणि सेवेचे पैसे यापुढे वेगळे पडतील. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकन सरकारनं कंपनीवर मक्तेदारीविरोधी खटला भरला होता. या निर्णयानं स्वतंत्र सॉफ्टवेअर उद्योगाला वाव मिळाला, आणि ते चांगलंच झालं. पण यंत्र एकाचं, प्रोग्रॅम दुसऱ्याचा, असं झाल्यावर दोन्हींची जुळवणी मधल्या रिकाम्या जागेत पडली. मोठ्या संस्थांनी त्यासाठी पगारी माणसं ठेवली. घराला ते शक्य नव्हतं.

तरीसुद्धा घरगुती कॉम्प्युटरची पहिली पिढी या जाचातून बऱ्याच अंशी मोकळी होती. १९८२ सालचे कमोडोर ६४ आणि सिंक्लेअर स्पेक्ट्रम घ्या. दोन्ही यंत्रांत बेसिक ही भाषा कायमच्या स्मृतीत, म्हणजे रॉममध्ये, कोरलेली होती. बटण दाबलं की काही क्षणांत यंत्र हुकूम घ्यायला तयार. भारतातही १९८६ च्या सुमारास डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला होता. तो घरच्या टीव्हीला आणि घरच्याच टेपरेकॉर्डरला जोडायचा, ‘जे’ या इंग्रजी अक्षराचं बटण दाबलं की पडद्यावर ‘लोड’ हा अख्खा शब्द उमटे, पुढे दोन अवतरणचिन्हं द्यायची आणि कॅसेट चालू करायची. रेकॉर्डरचा आवाज जरा कमीजास्त झाला तर प्रोग्रॅम चढत नसे आणि काही मिनिटांची प्रतीक्षा फुकट जाई. त्रास होताच. पण यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की ते कारखान्यातून निघालं तसंच्या तसं समोर येई. घरातल्या मुलाच्या हातून ते कायमचं बिघडण्याची सोयच नव्हती. ही यंत्रं तोकडी होती हे खरं, पण ती पुरी झालेली होती, कारण यंत्र आणि त्यातला मूळ प्रोग्रॅम या दोन्हींची जबाबदारी एकाच कंपनीची होती.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीनं वेगळी वाट धरली. तो घाईनं, साधारण वर्षभरात, बाहेरून घेतलेल्या भागांवर उभा केलेला होता. प्रोसेसर इंटेलचा, डॉस ही कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. आत ५ स्लॉट होते आणि यंत्राची सगळी विद्युत-आखणी कंपनीनं पुस्तकात छापून टाकली होती, म्हणजे कुणीही त्यात बसणारं कार्ड बनवू शकत होता. पीसीच्या यशाचं हे मोठं कारण. पण कुठल्या कार्डानं आतली कुठली वाट वापरायची याची नोंद ठेवणारं कुणीच नव्हतं. प्रोसेसरचं लक्ष वेधून घ्यायच्या वाटांना इंटरप्ट म्हणतात. मूळ पीसीत त्या अवघ्या ८ होत्या: ० घड्याळाला, १ कीबोर्डला, ६ फ्लॉपीला, ७ प्रिंटरला. १९८४ च्या एटी मॉडेलनं आणखी ८ जोडल्या, पण त्या वाटायच्या कशा हा प्रश्न तसाच राहिला. १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर हे आवाजाचं कार्ड आलं, ते मुळात ७ नंबरवरच लावलेलं, म्हणजे प्रिंटरच्या जागेवर. डॉसमधून छापताना हा नंबर बहुधा वापरात येत नसे, म्हणून अनेकांचं निभावून गेलं. ज्यांचं निभावलं नाही त्यांच्या गेममधला आवाजाचा पहिलाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राही आणि यंत्र अडकून बसे. मग कॅबिनेट उघडायचं, कार्डावरची नखाएवढी जंपरची टोपी चिमट्यानं उचलून शेजारच्या दोन काट्यांवर बसवायची, आणि ऑटोएक्झेक नावाच्या फाइलमधल्या एका ओळीत ‘आय७’ चं ‘आय५’ करायचं. एवढ्यानं भागे, पण एवढंच करायचं आहे हे घरातल्या माणसाला कोण सांगणार?

यंत्रानं आपली कार्डं आपणच ओळखावीत आणि वाटा वाटून द्याव्यात, ही कल्पना तेव्हा दूरची नव्हती. १९८५ च्या अमिगात ती राबवलेली होती. १९८७ च्या मॅकिंटॉश टूमध्ये न्यूबस नावाची व्यवस्था हेच करत होती. खुद्द आयबीएमनं १९८७ मध्ये पीएस/२ मालिकेत मायक्रो चॅनल आणला. त्यात जंपर नव्हते, कार्डासोबतची फ्लॉपी घातली की यंत्र मांडणी स्वतः करी. मात्र त्यासाठी परवाना घ्यावा लागे, त्याचे पैसे पडत, आणि आयबीएमच्या हाती पुन्हा लगाम जाईल ही भीती बाकीच्यांना होती. कॉम्पॅकच्या पुढाकारानं ९ कंपन्यांनी १९८८ मध्ये ईआयएसए हे पर्यायी मानक काढलं, पण ते महाग पडल्यामुळे मुख्यतः सर्व्हरमध्ये राहिलं. घरच्या पीसीत १९८४ चेच स्लॉट चालू राहिले. प्रत्येक कंपनीचा निर्णय तिच्या जागी शहाणपणाचा होता. सगळ्यांच्या शहाणपणाची किंमत चुकवली ती त्या टेबलावर नसलेल्या माणसानं, म्हणजे घरी पीसी नेणाऱ्यानं. स्वयंचलित मांडणी पीसीच्या दुनियेत सर्रास यायला ऑगस्ट १९९५ चा विंडोज ९५ उजाडावा लागला, आणि तेव्हाही जुनी कार्डं जुन्याच खोडी घेऊन आत बसलेली होती. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर असताना विंडोज ९८ ला स्कॅनर जोडून दाखवला गेला आणि हजारोंच्या समोर पडदा निळा झाला. जे निर्मात्यांच्या मंचावर होऊ शकत होतं, ते नाशिकच्या किंवा सांगलीच्या घरात झालं तर दोष घरच्या माणसाचा कसा?

आपल्याकडे मधली जागा एका वेगळ्या माणसानं भरली. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानं आयात सैल झाली, पुढे १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान वस्तूंवरच्या आंतरराष्ट्रीय करारात शिरला आणि सुट्या भागांवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरलं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ आणि तापकीर गल्ली, आणि मग जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी एखादं दुकान, असा असेंबल्ड कॉम्प्युटरचा धंदा पसरला. ब्रँडेडपेक्षा असा कॉम्प्युटर स्वस्त पडे. या हार्डवेअरवाल्यानं मराठी घरांसाठी काय केलं याची दखल फारशी कुणी घेतलेली नाही, ती घ्यायला हवी. मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट निवडणं, जोडणं, विंडोज टाकणं, मदरबोर्डच्या सीडीतले ड्रायव्हर चढवणं, आणि सहा महिन्यांनी मशिन मंदावलं की फॉरमॅट मारून हे सगळं पुन्हा करणं, ही सर्व कामं तो करी. कोटेशनमध्ये सुट्या भागांच्या किमती असत, त्याच्या या श्रमाची ओळ अनेकदा नसेच. विंडोजचीही नसे. परवाना न घेता स्वतःजवळच्या एकाच सीडीतून तो सगळीकडे विंडोज टाकत असे. हे बेकायदा होतं आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण कायदेशीर वाटेनं जाणाऱ्यालाही जुळवणी करून देणारं दुसरं कुणी फारसं नव्हतं, हेही तितकंच खरं. मोडेमची गोष्ट तर प्रत्येक गावात घडत होती. फॉरमॅटनंतर इंटरनेटला जायचं तर मोडेमचा ड्रायव्हर हवा, आणि हरवलेला ड्रायव्हर मिळणार इंटरनेटवर. म्हणून लोक ‘चिप’ आणि ‘डिजिट’ मासिकांसोबत आलेल्या सीड्या जपून ठेवत.

आता मराठीकडे येतो, कारण इथे दुखणं दुहेरी होतं. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं जे काम झालं, ते पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये जिस्ट या नावानं वाढलं. इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड १९८६ मध्ये प्रमाण ठरला होता. अक्षरांना संगणकातले क्रमांक देणारी इस्की ही पद्धत १९८८ मध्ये आली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ती मानक म्हणून छापली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीला इस्कीच्याच आधारानं १२८ जागा मिळाल्या. म्हणजे घरोघरी पीसी येण्याआधीच मराठी अक्षर साठवण्याची रीत कागदावर पक्की होती. पण बाजारातल्या विंडोजला ती कळत नव्हती. ती पोकळी पॅकेजवाल्यांनी भरली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, बंगळूरचं आकृती, सी-डॅकचं स्वतःचं आयएसएम. यांच्यामुळेच मराठी छापखाना संगणकावर आला, आणि हे ऋण मोठं आहे. पण त्या काळच्या फॉन्टला २५६ जागांची मर्यादा होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे, आणि कुठला आकार कुठे हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलेलं. एका घरात लिहिलेला लेख दुसऱ्या घरी उघडला की इंग्रजी अक्षरांचा निरर्थक कचरा दिसे. महागडी पॅकेजं प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या हार्डवेअर लॉकसह येत; लॉक हरवलं की पॅकेज गेलं. मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळंही आपापला फॉन्ट उतरवून घ्या म्हणत. फॉरमॅट मारला की हे सगळे फॉन्ट पुसले जात आणि पहिल्यापासून सुरुवात.

विंडोज २००० मध्ये मंगल हा देवनागरी फॉन्ट आणि युनिकोडची मराठी आली, ऑक्टोबर २००१ च्या एक्सपीत ती घरगुती पीसीपर्यंत पोचली. पोचली म्हणजे सीडीवर पोचली. एक्सपी बसवल्यावर मराठी आपोआप चालू होत नसे. कंट्रोल पॅनलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडायचं, ‘लँग्वेजेस’ या पानावर जायचं, आणि गुंतागुंतीच्या तसंच उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिप्यांच्या फाइली बसवा, अशा अर्थाच्या वाक्यापुढे खूण करायची. त्या वाक्यात थाई भाषेचं नाव होतं, मराठीचं नव्हतं, हिंदीचंही नव्हतं. खूण केल्यावर एक सूचना येई: अरबी, हिब्रू, भारतीय, थाई वगैरे भाषांच्या फाइली तुम्ही निवडल्या आहेत, त्यांना १० एमबी किंवा अधिक जागा लागेल. एक्सपीला स्वतःला दीड जीबी जागा लागत होती आणि त्या काळात ४० जीबीची डिस्क सर्रास मिळे. १० एमबी म्हणजे तिचा चार हजारावा भाग. तो वाचवण्यासाठी पृथ्वीवरच्या अब्जाहून अधिक माणसांच्या लिप्या ऐच्छिक ठरवल्या होत्या. सूचना मान्य केली की यंत्र विंडोजची सीडी मागे. आणि इथे गाडी अडे. असेंबल्ड मशिनच्या घरात सीडी नसायची, ती हार्डवेअरवाल्याकडे. ब्रँडेड घेणाऱ्यांनाही पुष्कळदा सीडी मिळत नसे, डिस्कच्या एका कप्प्यात मूळ प्रत ठेवलेली असे आणि ती वापरायची तर सगळंच नव्यानं बसवायचं. ज्यांना हे जमलं नाही त्यांच्या पडद्यावर मराठीच्या जागी चौकोनी डबे दिसत, किंवा त्याहून वाईट, मोडकी मराठी दिसे: ‘स्थिती’ मधला स पाय मोडून वेगळा उभा, पहिली वेलांटी थ च्या मागे गेलेली. मराठीला लागणारा ॲ तर युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला. ही खूण करण्याची गरज २००७ च्या विस्टानं संपवली. इस्की मानक होऊन तेव्हा १६ वर्षं झाली होती.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की हा त्रास म्हणजे स्वस्ताईची आणि खुलेपणाची किंमत होती; एकाच कंपनीच्या हाती सगळं राहिलं असतं तर पीसी आपल्या घरांत आलाच नसता. आक्षेपात तथ्य आहे. पीसीची रचना खुली नसती तर लॅमिंग्टन रोडही नसता. पण खुलेपणा आणि बेवारसपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९६ चं यूएसबी मानक अनेक कंपन्यांनी मिळून केलं, कुणालाही वापरता येण्याजोगं ठेवलं, आणि तरी त्यानं जंपरची आणि इंटरप्टची कटकट घरातून हद्दपार केली. क्लाउस क्नॉपर यांचं क्नॉपिक्स २००० मध्ये आलं: सीडी घालायची, यंत्र चालू करायचं, आणि काहीही न बसवता, समोरची कार्डं ओळखून, अख्खी लिनक्स प्रणाली उभी राही. मॉड्युलर इन्फोटेकनं आखलेले लोहित फॉन्ट रेड हॅटनं २००४ मध्ये खुल्या परवान्यानं दिले. आपल्या स्वस्त मोडेमांना लिनक्सचे ड्रायव्हर बहुधा मिळत नसत, म्हणून ही वाट फार घरांपर्यंत गेली नाही, हे मान्य. तरी खुलं ठेवूनही पुरं करून देता येतं, एवढं यातून नक्की दिसतं.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. या झगड्यातूनच एक पिढी संगणक शिकली, असं अनेक जण मनापासून सांगतात. कॅबिनेट उघडणारी, फॉरमॅट मारणारी मुलं पुढे अभियंते झाली, कुणी दुकानं टाकली. ते नाकारण्याचं कारण नाही. पण हे सांगणारे सगळे टिकलेले आहेत. ज्या आजोबांना फक्त नातवाला मराठीत पत्र लिहायचं होतं, ज्या शिक्षिकेला प्रश्नपत्रिका टाइप करायची होती, आणि चौकोनी डबे पाहून ज्यांनी कीबोर्डवर पुन्हा प्लास्टिकचं कव्हर घातलं, त्यांची साक्ष कुठेच नोंदलेली नाही. त्यांना यंत्र शिकायचं नव्हतं, त्यावर काम करायचं होतं. कित्येकांनी मग मराठी रोमन अक्षरांत लिहायला घेतली, आणि ती सवय अजून गेलेली नाही.

हे सगळं आता मागे पडलं, असंही म्हटलं जाईल. इंटरप्टच्या बाबतीत ते खरं आहे. मराठीच्या बाबतीत पुष्कळसं खरं आहे. २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्डही असतो. पण नवा लॅपटॉप उघडला की आजही तास दोन तास जातात, ते वेगळ्या कामात. विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तीत सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं, मग संमतीची पानं, मग कुणी न मागितलेली चाचणी-सॉफ्टवेअरं काढणं. ही भर निव्वळ उपद्रवाची राहील असंही नाही: लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर आधीच घातलेलं सुपरफिश हे जाहिरातींचं सॉफ्टवेअर सुरक्षित संकेतस्थळांच्या जोडणीतही मध्ये शिरतं, हे २०१५ मध्ये उघड झालं होतं. पूर्वी यंत्र अपुरं यायचं आणि भर घालायची असायची. आता नको असलेली भर उपसावी लागते. दोन्ही वेळा राबतो घरचाच माणूस.

आणि मराठीतलं एक जुनं काम अजून तसंच पडलं आहे. १९९० ते २०१० या काळात श्री-लिपी, आकृती, आयएसएममध्ये टाइप झालेला मजकूर, त्यात पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांची इतिवृत्तं, सगळं आलं, आज लेखकांच्या आणि छोट्या प्रकाशकांच्या डिस्कवर बंद आहे. तो युनिकोडमध्ये आणायला परिवर्तकं मिळतात, पण फॉन्टाफॉन्टाला वेगळी, आणि रफार, जोडाक्षरं, ऱ्या यांच्या चुका शेवटी नजरेनंच तपासाव्या लागतात. कुठल्या जागी कुठला आकार बसवला होता याची कोष्टकं त्या त्या कंपनीकडे आहेत. ती त्यांनी जाहीर करावीत, आणि त्यांवर उभी राहणारी, सर्वांना मोफत वापरता येतील अशी परिवर्तकं राज्य सरकारनं पैसे देऊन करवून घ्यावीत. त्या काळातले डीटीपीवाले, ज्यांना हे फॉन्ट बोटांनी पाठ आहेत, अजून कामात आहेत, तोवर हे करणं सोपं आहे.